फुलाच्या पोस्टरवरून उडालेले शब्द

ती. ताईस,

कंबर परवानगी देईल तितका साष्टांग नमस्कार. (पुरता वाकले तर उठवायला माणूस बोलवावा लागतो.) भावजींचा खोकला कसा आहे? तुझे गुडघे? आणि ती काखेजवळची गाठ दाखवलीस का? गेल्या महिन्यात फोनवर 'बघू' म्हणालीस. ताई, तुझं 'बघू' मी जन्मापासून ओळखते, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे.

दमले गं मी. आमच्या वाचनालयात पाच तरुण कार्यकर्ते आले. बायकांच्या मोफत तपासणीसाठी निधी जमवायचा, जुन्या पुस्तकांची विक्री आणि डॉक्टरीणबाईंचं भाषण ठेवायचं, असा बेत. सभागृहाची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मार्गदर्शकही मीच. (किल्ली असली की अक्कलही असेल असं लोक धरून चालतात.) मुलं गुणी, पण बैठकांचा भारी सोस. पाणी कुणी आणायचं यावर पाऊण तास चर्चा, आणि शेवटी पाणी मीच आणायचं. त्यांची पुढारी एक चुणचुणीत मुलगी, तिला सगळे कप्तान म्हणतात. दुसरा चित्रं काढणारा, तो पोस्टरवाला. बाकीचे तिघे माना डोलवायला.

पोस्टरच्या पहिल्या कागदावर सगळं नीट लिहिलं होतं. 'स्तनांचा कर्करोग : माहिती, तपासणी आणि निधी संकलन.' मग सुरू झाली दुरुस्ती. पोस्टरवाला म्हणाला, हा पहिला शब्द आमच्या गल्लीतल्या भिंतीवर मी चिकटवणार नाही, समोर काका राहतात. गेला तो शब्द. 'कर्करोग' वाचून लोक घाबरतील, तोही गेला. 'तपासणी' म्हटलं की शाळेची आठवण येते म्हणे. 'निधी' म्हटलं की लोक रस्ता ओलांडतात. मी मधे दोनदा तोंड उघडलं, तर कप्तान गोड हसून म्हणाली, मावशी, संदेश सकारात्मक हवा. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले. (खरं सांगू? मलाही तो शब्द मोठ्या अक्षरांत बघवत नव्हता.) शेवटी उरलं काय, तर एक भलंमोठं फूल, 'आपण आपल्यासाठी', रविवार सकाळी दहा आणि वाचनालयाचा पत्ता. दीडशे भिंतींवर!

रविवारी माणसं आली, नाही असं नाही. सात बायका चटया घेऊन आल्या, योगासनं असतील म्हणून. एक आजोबा कुंडी घेऊन आले, झाडाला कीड लागली होती. एक गृहस्थ पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि मागच्या रांगेत मान खाली घालून बसले, त्यांना शोकसभा वाटली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघताहेत, मी कप्तानकडे बघतेय, कप्तान फुलाकडे.

आणि मग ती पोरगी खुर्चीवर चढली. कानापर्यंत लाल झाली होती. सगळे गाळलेले शब्द तिनं एकामागून एक मोठ्यानं म्हटले, अगदी पहिल्यापासून. पोस्टरवाला पुस्तकांच्या ढिगामागे लपला. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. तर चटईवाल्यांपैकी एकीनं हळूच विचारलं, दुखत नसेल तरी दाखवायचं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखो न दुखो, दाखवायचंच. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते घरात बसून कुणाला कळत नाही. मग काय, प्रश्नच प्रश्न! आजोबा कुंडी टाकून बायकोला आणायला घरी पळाले. शोकसभावाल्यांनी सहा कादंबऱ्या घेतल्या. मी मात्र कोपऱ्यात जाऊन रडले. आपल्या आत्याच्या वेळी घरात कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, आठवतं ना? नुसतं 'तिला बरं नाही' म्हणायचे. तसंच म्हणत म्हणत ती गेली.

बाकी सर्व ठीक. भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. गुरुवारी साडेदहाला त्याच बाईंकडे तुझा नंबर लावलाय. बुधवारी संध्याकाळी मी न्यायला येते. 'बघू' चालणार नाही.

ता. क. आणखी एक. नंबर दोन लावलेत. रविवारी बाईंनी मला विचारलं, तुमची झाली का तपासणी? तर मी कामाचं सोंग करून खुर्च्या उचलायला लागले, लोक बसलेले असताना. मला दोन महिन्यांपासून डावीकडे काहीतरी लागतंय हाताला. कुणालाच सांगितलेलं नाही. तुला न्यायला येतेय असं घरी सांगून निघणार आहे, पण एकटीनं माझ्यानं तिथवर जाववणार नाही. तुझा नंबर चौथा, माझा पाचवा. आधी तू जा, मोठी आहेस. मला फार भीती वाटते गं.