हरवल्याचा अर्ज

ब्रेंटफील्ड, अमेरिका
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
दीक्षाचा सादर जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. फोन आईच्या हातात असतो, ती स्पीकर लावून बोलते आणि निम्मी गल्ली ऐकते. म्हणून फोनवर फक्त गोड बोलायचं, खरं ते इमेलवर लिहायचं आणि ते तुम्ही चंदनच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचं, ही तुमची युक्ती मला पटली. चंदनने स्कॅन करून पाठवलेलं तुमचं उत्तरही वहीच्या पानावर, त्याच जुन्या सरकारी अक्षरात पाहून बरं वाटलं. चंदनला माझा नमस्कार सांगा, आणि पत्रं वाचत जाऊ नको हेही सांगा.

बातम्यांत रोज गोळीबार दिसतो, तुझ्या गावात नेमकं काय ते कळव, असं तुम्ही लिहिलंत. अकोल्याच्या ठाण्यात बत्तीस वर्षं गुन्हे लिहिलेल्या माणसाला नेमकं म्हणजे आकडेच लागणार. तर ऐका. ब्रेंटफील्डची वस्ती अठ्ठावन्न हजार, म्हणजे आपल्या अंजनगाव सुर्जीएवढी. गेल्या वर्षी खून एक, जबरी चोऱ्या एकोणीस. सात वर्षं आकडे उतरतेच आहेत. राज्यातल्या सुरक्षित शहरांत आमचा चौथा नंबर, असा फलकच नगरपालिकेसमोर लावलाय. धम्मदीप इथून दीडशे मैलांवर कामाला असतो, आठवड्यातून चार दिवस मी नवऱ्याविना एकटी असते, पण हा फलक बघून आम्ही हे गाव निवडलं.

आता जे लिहिते ते वाचून घाबरू नका. मला काही झालेलं नाही.

आमच्या इमारतीत कपडे धुण्याचं मशीन नाही. चौकात एक दुकान आहे, तिथे नाणी टाकून धुवायचे. ते लोरेटाबाई चालवतात, वय एकाहत्तर. इथे आले तेव्हा बर्फात कसं चालायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या हातची भाकरी त्या लोणी लावून खातात. गुरुवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघीच दुकानात होतो. एक माणूस आत आला, पिस्तूल माझ्या पोटाला लावलं आणि पर्स मागितली. मी दिली. दीड मिनिट लागलं असेल. फोन गेला, आणि व्हिसाच्या कागदांच्या प्रती काढायला नेलेला माझा पासपोर्टही गेला. तुम्ही विचारालच म्हणून वर्णन: तिशीचा, उंच, राखाडी जाकीट, पिस्तूल धरलेल्या हातावर भाजल्याचा मोठा डाग.

लोरेटाबाई पोलिसांना फोन लावत होत्या, मीच त्यांचा हात धरला. आमच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकून पडलंय. अशा वेळी पोलिसांच्या कागदावर नाव गेलं तर काय होईल ते मला माहीत नाही. पण नव्या पासपोर्टसाठी पोलिसांचा काहीतरी कागद लागतोच. मी काय करू ते लगेच कळवा. अजून कपडे धुवायला गेले नाही.

आईला यातलं काही सांगू नका. माझी चिंता तुमच्यावर सोपवली, आता तिच्या गोळ्यांची वेळ चुकवू नका.

तुमची,
दीक्षा


अमरावती
१९ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा हिला,
बाबाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच उभ्याने वाचलं. चंदनने खुर्ची दिली, पाणी दिलं. पोटाला पिस्तूल लागलेली पोर स्वतःच्या हाताने पत्र लिहिते आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं आणि घरी येऊन तुझ्या आईसमोर संत्री सोलत बसलो. तिला काही कळू दिलं नाही. एंजिओप्लास्टीला अजून दोन महिने झालेले नाहीत.

आता नीट ऐक. या बाबतीत तुझ्या बापाला जेवढं कळतं तेवढं तुझ्या त्या फलकवाल्यांनाही कळत नसेल. ठाण्यात माणूस यायचा, साहेब, मोबाइल हिसकला म्हणायचा. जबरी चोरी लिहिली की तपास आला, पंच आले, कोर्ट आलं, आणि वर साहेबांना महिन्याच्या बैठकीत बोलणी. म्हणून आम्ही लिहायचो गहाळ. मोबाइल गहाळ, पाकीट गहाळ, पोत गहाळ. फिर्यादीला शिक्का मारलेला कागद मिळायचा, त्यावर त्याला नवीन सिम मिळायचं, तो खूश आणि साहेबही खूश. आमच्या ठाण्याचे आकडे जिल्ह्यात सगळ्यात सुरेख असायचे, आणि ते माझ्या अक्षरात असायचे.

तिथेही हरवल्याचा अर्ज असणारच. तो भर. पर्स दुकानात विसरली, परत गेले तर सापडली नाही, एवढंच. माणूस नाही, पिस्तूल नाही, हात नाही. पासपोर्ट मिळेल आणि तुला कुणी कोर्टात उभं करणार नाही. परक्या मुलखात साक्षीदार होणं म्हणजे स्वतःच आरोपी होणं. त्या बाईंनाही सांग, तुम्ही काही पाहिलं नाही. तुझ्यावर त्यांचा जीव आहे, त्या ऐकतील.

कपडे दुसऱ्या दुकानात धुवत जा. जेवण टाळू नको. तुझी आई म्हणते, फोटोत पोरगी वाळून राहिली. बाप इथे बसला आहे, मनात काही ठेवू नको.

तुझा,
बाबा


ब्रेंटफील्ड
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
सादर जयभीम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. अर्ज घरबसल्या भरता येतो. हरवलेल्या वस्तूंसाठी वेगळा आहे, पाच मिनिटांचा. जबरी चोरी असेल तर मात्र स्वतः पोलिसांसमोर बसावं लागतं. खाली एक चौकट होती, दिलेली माहिती खरी आहे आणि खोटी असल्यास तो गुन्हा आहे. त्यात खूण केली, सही केली. लगेच नंबर आला, मागोमाग आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का अशी चौकशीही आली. तुमच्या ठाण्यात ही सोय नव्हती.

लोरेटाबाईंना मनवणं मात्र जड गेलं. त्या म्हणाल्या की तो परत आला तर. मी म्हटलं, असे लोक एका जागी दोनदा येत नाहीत, माझे वडील पोलिसात होते, त्यांना माहीत आहे. तुम्ही असं म्हटलं नव्हतं, माझ्याच तोंडून गेलं. मग मी रडले आणि त्यांनी शब्द दिला. दुकान बदलायला मला लाज वाटते, म्हणून तिथेच जाते. त्या आता दाराकडे तोंड करून बसतात.

पासपोर्टचं काम सुरू झालं. धम्मदीपचा तुम्हाला जयभीम. तो म्हणतो, बाबांनी सुटका केली. तुमच्या गुडघ्याचं कळवा, जिना सारखा चढू नका.

दीक्षा


ब्रेंटफील्ड
९ जानेवारी २०२५

बाबा,
जयभीम.

लोरेटाबाई गेल्या. परवा मंगळवारी दुपारी चार वाजता, त्यांच्याच दुकानात. तो आला, गल्ला मागितला, त्या फोनकडे वळल्या आणि त्याने गोळी घातली. मी कामावर होते. आमच्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या रक्ताची नळी आली, चढवायला रक्त कुठलं द्यायचं ते तपासायला. नाव मी वाचलं. तपासणी मीच केली. रक्त वर पाठवलं तोवर त्यांचा जीव गेला होता.

दुकानातला कॅमेरा नुसताच टांगलेला होता. एका गिऱ्हाईकाने मशीनमागून पाहिलं, त्याला चेहरा दिसला नाही, बंदूक धरलेल्या हातावर भाजल्याचा डाग दिसला. हे पेपरात छापून आलंय. त्याखाली पोलीसप्रमुखांचं म्हणणं आहे, की त्या चौकात अकरा वर्षांत असा एकही प्रकार नोंदलेला नाही, त्यामुळे तिथे गस्त ठेवायचं कारण नव्हतं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. ते खोटं बोलत नाहीत. माझी पर्स त्यांच्याकडे हरवलेलीच आहे.

त्याचा चेहरा आता फक्त मला माहीत आहे. धम्मदीप म्हणतो, गप्प बस. खोटा अर्ज हा गुन्हा आहे, व्हिसा जाईल, कदाचित परत पाठवतील, आणि एवढं करून त्या काही परत येणार नाहीत. तो घाबरलाय, वाईट नाही. मीही घाबरले आहे. दोन दिवस रजा टाकून घरात बसले आहे, तुमचं आधीचं पत्र काढून वाचते. त्यात तुम्ही लिहिलंय की त्या ऐकतील. त्यांनी ऐकलं, बाबा.

लहानपणी तुम्ही खाकी घालून निघालात की मला वाटायचं, आता गावाला काही होणार नाही. मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला राग येईल तर येऊ द्या.

दीक्षा


अमरावती
११ जानेवारी २०२५

चि. दीक्षा,
बाबाचा जयभीम.

राग बरोबर आहे. तो कमी करायला हे लिहीत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ठाण्याच्या दारापुढे गोदाबाई नावाची बाई फुलं विकायची. एका सकाळी एकाने तिच्या गळ्याला चाकू लावून पोत तोडून नेली. ती रडत माझ्या टेबलापाशी आली. मी लिहिलं, बाजारात गर्दीत पोत पडून गहाळ. तिला वाचता येत नव्हतं. अंगठा लावायच्या आधी तिने विचारलं, साहेब, चाकू लिहिला ना. मी म्हटलं, लिहिला. पुढे दर पंधरवड्याला ती येऊन विचारायची, चाकूवाला घावला काय. मी सांगायचो, शोध सुरू आहे. शोध कुणाचा होणार, कागदावर माणूसच नव्हता. मग ती यायची बंद झाली. काहून, ते मी कुणाला विचारलं नाही. आजपर्यंत माहीत नाही.

ही विद्या मी तुला दिली, वरून ती देताना फुशारकी मारली. लोरेटाबाईंचं मरण माझ्याही अक्षरात आहे.

पोलिसांकडे जा. धम्मदीपला सांग, हा सल्ला नाही, पाया पडून मागणं आहे. व्हिसा गेला तर इथे दोन खोल्या आहेत, तुम्हा दोघांना पुरतील. सोबत माझा जबाब जोडला आहे. मी धर्मपाल, निवृत्त हवालदार, सत्य लिहून देतो की माझ्या मुलीने दिनांक चोवीस नोव्हेंबरच्या सुमारास भरलेला खोटा अर्ज माझ्या सांगण्यावरून भरला, तिला मी धाक घातला आणि तिचा गैरसमज करून दिला, होईल ती शिक्षा मला मान्य आहे. खाली सही, तारीख, पत्ता. हजारो लोकांचे जबाब लिहिले, स्वतःचा पहिल्यांदा लिहिला, तीन कागद फाडले. इंग्रजी करून तपास अधिकाऱ्याला दे. सगळं माझ्यावर टाक.

तुझ्या आईला मी सांगितलं. अजून लपवणं जमत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की पोरीले खोटं लिहाले तुमी लावलं काहून. मग गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तब्येत ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही.

जमलं तर बापावर थोडी माया ठेव, नाहीतर नुसतं खुशाल असल्याचं कळव.

बाबा


ब्रेंटफील्ड
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना आणि आईला,
दीक्षाचा जयभीम.

सोमवारी सकाळी पोलिसांकडे गेले. धम्मदीप रात्रभर भांडला आणि सकाळी त्यानेच गाडी काढली. आत आला नाही, गाडीत बसून राहिला. तपास अधिकारी बाई होत्या. दोन तास त्यांनी ऐकून घेतलं. मग सहा चेहरे दाखवले, तिसरा त्याचा होता. बुधवारी शेजारच्या गावात तो पकडला गेला. त्याने आणखी दोघांना याच चौकात लुटल्याचं कबूल केलंय, दोघंही माझ्यासारखेच बाहेरून आलेले, आणि त्यांच्यापैकी कुणीही पोलिसांना कळवलं नव्हतं. म्हणजे फलकावरचे आकडे आम्ही तिघांनी राखले.

माझ्या खोट्या अर्जाचं काय करायचं ते सरकारी वकील ठरवतील. शिक्षा होईल किंवा नुसती समज देतील. व्हिसाचं आमच्या वकिलालाही सांगता येत नाही. बॅगा भरून ठेवाव्यात का, असं धम्मदीपने विचारलं, तेव्हा वकील म्हणाला, भरलेल्या बऱ्या.

तुमचा जबाब मी दिला नाही, बाबा. इंग्रजी केला होता, पर्समध्ये होता. कुणाच्या सांगण्यावरून अर्ज भरला असं त्या बाईंनी विचारलंही. पण मी तेहतीस वर्षांची आहे, मला वाचता येतं, त्या चौकटीत काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. गोदाबाईंना ते जमत नव्हतं. जबाब द्यायचाच असेल तर त्यांना शोधून द्या, त्या अकोल्यात असतील तर.

बाहेर बाकावर लोरेटाबाईंची मुलगी बसली होती, माझ्याच वयाची. नोव्हेंबरातच तिच्या आईने तिला फोनवर सांगितलं होतं, की एका पोरीला शब्द दिलाय म्हणून गप्प आहे. ती पोर मीच, हे तिला अधिकाऱ्यांनी सांगितलं असावं. ती ओरडली नाही. तिने मला विचारलं, की तू तेव्हाच आलीस असतीस तर माझी आई आज असती का.

मी हो म्हणाले. ती उठून आत गेली.

आईने बाबांशी बोलावं, एवढं मागते. मला दुसरं काही मागायला तोंड नाही.

तुमची,
दीक्षा