नव्या दिव्यांना आणलेलं जुनेपण

दारव्हा, गुरुवार, डिसेंबर २००५

काही कळेनासं झालंय. माझा भाऊ गजानन आत्ताच चहा पिऊन गावी गेला आणि मी त्याच्याशी खरं बोलले नाही.

गेल्या आठवड्यात कापसाच्या व्यापाऱ्याची बायको आमच्या भांड्यांच्या दुकानात आली. सोबत भिंतीवर लावायचे विजेचे सहा दिवे, पितळेचे, नवेकोरे. म्हणाली, "काकू, हे जुने दिसले पाहिजेत."

"काहून वो? लोकं तर चमकवायले आणतात."

"दारात कापूस घेऊन लोकं येतात. यंदा भाव नाही, अन् त्याहीच्या डोक्यावर हे असे झगमगतात. मले लाज वाटते."

मला ती आवडलीच. वरचं वार्निश थिनरनं काढलं, मीठ-व्हिनेगर लावून दिवे झाकून ठेवले. दोन दिवसांत तपकिरी झाले, कडेला हिरवट. आयुष्यभर जे डाग घासून काढले, ते मुद्दाम आणले.

आज गजानन त्याच व्यापाऱ्याकडे कापूस घालून आला. म्हणाला, "कापसाच्या भावासाठी लय ताणलं नाही म्या. शेटचंही काही खरं नाही, ताई. आजाच्या काळचे दिवे लावून राह्यला."

माझ्या नखांत तो हिरवट रंग अजून होता. हात पदराखाली घेतले.

तिला खरंच लाज वाटत होती? की शेटनंच पाठवलं होतं? डोळे तर खरे वाटले तिचे. मग मी गजाननला का नाही सांगितलं?

निघताना त्यानंच विचारलं, "तुले बरं वाटून नाही राह्यलं का?"

म्हटलं, "डोकं दुखून राह्यलं."

आता खरंच दुखतंय.