हेडफोनमधून न आलेले निरोप

प्रिय आत्याबाई,

उद्या सकाळी मंगळवार पेठेतला पेंटर येणार आहे, म्हणून आज लिहायला बसले. तुमच्या मुलानं त्याला सांगून ठेवलंय, रेसच्या गाडीच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहायचं, "निवांत जा, मी हाय. – आये." तुम्ही माळावर बोललेले शब्द, असं त्यांनी पेंटरला सांगितलं. सांगताना त्या पेंटरचाच हात धरला त्यांनी, परक्या माणसाचा! आणि मी चहाचे कप उचलून आत पळाले.

कारण ते शब्द तुमचे नाहीत, आत्याबाई. माझे आहेत.

तुम्हाला जाऊन अजून एक दिवाळीसुद्धा झाली नाही. दिवसवार झाले, पाव्हणे गेले, सगळं रीतसर झालं. पण हे एक माझ्या मनात कुसळासारखं टोचतंय. कुणाला सांगू? तुमच्याशिवाय ह्यातलं कुणाला कळणार?

आठवतंय ना, कशावरून सुरू झालं ते? मामंजी गेल्यावर त्यांची फियाट बावड्याच्या घरापुढं गोणपाटाखाली उभी असायची. तुम्ही रोज गोणपाट काढून काचा पुसायचा आणि परत झाकायचा. आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत. एक दिवस ह्यांनी ती उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यात नेली आणि परत आणली ती रेसची गाडी करून! मागची सीट उपसलेली, दारं वेल्डिंगनं बंद केलेली, आत लोखंडी पायपांचा पिंजरा. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तुम्ही उंबऱ्यातनंच बघितलंत आणि म्हणालात, "बापाच्या गाडीचा खाटीकखाना केलास रं. आजपासनं माझ्याशी बोलू नगंस."

हे तरी कुठले वाकायला! "बरं," म्हणाले. झालं.

एका घरात अबोला म्हणजे मधल्या माणसाचं मरण. तुम्ही चुलीपुढं बसून भिंतीला सांगायचा, "कुणाला भाकरी पायजे असली तर गरम हाय म्हणावं." हे सोप्यातनं मला म्हणायचे, "सांग तुझ्या सासूला, भूक न्हाय." दोघांचं दोघांना लख्ख ऐकू जायचं, तरी मी पदर खोचून ह्या दारातनं त्या दारात. कधी हसू यायचं, कधी वाटायचं, भाकरीचं टोपलं दोघांच्या मधे आपटावं आणि माहेरी हातकणंगल्याला निघून जावं!

पण रेसला मात्र तुम्ही एकदाही चुकला नाहीत. कुणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "गाडी त्याची न्हवं, माझ्या मालकाची हाय. तिला बघायला येते मी." कापडी मांडवाखाली, धुळीत, डोक्यावर पदर आणि तोंडावर पदराचं टोक धरून ताठ बसायचा.

आणि माझ्या मांडीवर ते खोकं. ह्यांच्या हेल्मेटात माइक बसवलेला, सदा मिस्त्रीच्या डोक्यावर हेडफोन, गाडी पळत असताना दोघं वायरलेसवर बोलायचे. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकता यावं म्हणून ह्यांच्या जहाजावरच्या मित्रानं परदेशातनं तो स्कॅनर आणलेला. त्याच्यावरचे बारके दिवे एकामागनं एक पळायचे आणि कुणी बोलायला लागलं की तिथं थांबायचे. मग त्याला जोडलेल्या हेडफोनमधून माझ्या कानात ह्यांचा आवाज, इंजिनाच्या घरघरीतनं. पण त्यावर नुसतं ऐकता यायचं, उलट बोलता यायचं नाही. हे कळल्यावर तुम्ही किती खूश झालात! "असंच पायजे की," म्हणालात. "ऐकायचं. बोलायचं कशाला?"

म्हणून मी हेडफोन पुढं केला, तर मान फिरवलीत.

"अबोला काय नुसता तोंडानं धरलाय व्हय? कानानं बी धरलाय. ते टोपडं तूच घाल. काय म्हणतंय तेवढं सांग."

काय म्हणत होते? खरं सांगू? सदाला शिव्या देत होते. "आंधळा हाईस काय सद्या? कसली हवा भरलीस टायरात? गाडी बैलावाणी वडतीया एकीकडं!" एवढंच. शेवटपर्यंत एवढंच. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. "काय म्हणतंय?" दुसऱ्यांदा विचारलंत. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आई सावलीत बसल्यात का, विचारतायत."

तुमचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. पदराचं टोक सुटलं हातातनं. "म्हणावं, सावलीत हाय," म्हणालात, त्या मुक्या खोक्याला. मग हळूच मला, "पर आई म्हणाला? आये म्हणतो तो मला."

"व्हय व्हय, आयेच म्हणाले!"

तुम्ही माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंत. तेव्हा तुम्हाला संशय आला होता का हो? आला असता तर एक धपाटा घालायचा होता माझ्या पाठीत. तिथंच थांबलं असतं सगळं.

थांबलं नाही. पुढच्या रेसला ह्यांनी तुमच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याच्या पुढच्या रेसला, आयेच्या हातची आमटी आठवते म्हणाले. हे सगळं हेडफोनमधून आलं म्हणून मी सांगितलं, आणि त्यातलं काहीच हेडफोनमधून आलं नव्हतं! घरी आल्यावर हे हातावरचं ऑइल खरवडत, माझ्याकडं न बघता विचारायचे, "म्हातारी काय म्हणाली?" त्यांनाही मी रिकामं ठेवत नव्हते. पोरगं हुशार हाय म्हणाल्या, वळणावर गाडी कशी घेतली म्हणाल्या. तुम्ही तर फक्त गाडीचा पत्रा चेपला म्हणून हळहळलेल्या असायचा.

घरात शांतता नांदावी म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण आज तुमच्यापाशी कशाला लपवू? मला ते आवडायला लागलं होतं. तुम्ही मला जवळ बसवून घ्यायचा, हे माझ्या मागं मागं फिरायचे. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. तुमचं भांडण मिटलं असतं तर मला कोण विचारणार होतं?

आणि मग कागलकडच्या माळावरची ती रेस.

गाडी वळणावर उलटली, तेव्हा धुळीशिवाय काही दिसेना. माझ्या कानात नुसतं खरखर. मधेच सदाचा आवाज, "मालक, बोला! मालक!" उत्तर नाही. तुम्ही उठलात. चपला तिथंच राहिल्या. ह्यांच्या नावानं एवढ्यांदा हाक मारलीत की मांडवातली सगळी माणसं वळली. सबंध अबोल्यातली पहिली हाक, आत्याबाई! दोरी ओलांडायला तुम्ही पाय उचललात आणि मी तुमचा दंड धरला.

"बोलले, बोलले! ठीक हाय म्हणतायत! आयेला म्हणावं, घाबरू नगं!"

ट्रॅकवर बाकीच्या गाड्या पळत होत्या, तुम्ही मधे गेला असता तर काय झालं असतं, हे खरं. पण नुसतं धरून ठेवलं असतं तरी चाललं असतं की! खोटं कशाला बोलायचं होतं? ते सुचायलासुद्धा लागलं नाही मला, आपोआप आलं. तुम्ही मागं फिरलात, खाली बसलात. मग सदाचा आवाज आला, "हाईत, हाईत! हात मोडलाय नुसता!" तोवर तुमची हाक विरून गेली होती. जी आई धावत पोरापाशी पोचणार होती, तिला मी मांडवात बसवून ठेवली.

धुळीकडं बघत तुम्ही तेव्हा म्हणालात, "त्याला म्हणावं, माझ्या आदी मेलास तर तोंड बघणार न्हाय तुजं."

हा तुमचा खरा निरोप. सबंध अबोल्यात तुम्ही मनापासनं दिलेला एकच. आणि मी तो पोचवला नाही! दवाखान्यात तुम्ही खाटेशेजारी बसलात, हळदीचं दूध माझ्या हातात दिलंत, "पाज त्याला," म्हणालात. तुम्ही पेला विसळायला गेला तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, "माळावर काय म्हणाली गं?" मला वाटलं, पडलेल्या माणसाला मेलास-बिलास काय सांगायचं. म्हणून म्हणाले, "निवांत जा, मी हाय, असं म्हणाल्या." हे भिंतीकडं तोंड करून रडले. तुम्ही परत आलात तेव्हा झोपेचं सोंग घेतलं त्यांनी.

त्यानंतर दोघंही समाधानी होता. माझ्यामार्फत सगळं गोडगोड चाललं होतं, मग एकमेकांशी बोलायची गरज कुणाला होती? मी तुमचा अबोला मिटवला नाही, मी त्याला दूधभात घालून पोसला.

तुम्ही तरी एकदा, एकदाच, ते टोपडं माझ्या डोक्यावरनं ओढून घ्यायचं होतंत! हातभर लांब होतं. कसला तो हट्ट? शिव्या ऐकल्या असत्यात, चिडला असतात, घरी येऊन चांगलं फैलावर घेतलं असतंत त्यांना. निदान त्यांच्याशी बोलला तरी असतात.

मग तुमचं ते दुखणं. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. हे तुमचा हात धरून "आये, आये" करत बसले. तुम्ही त्यांच्याकडं बघायचा, मग माझ्याकडं. नजर हलवत नव्हता. माझ्याकडनं काय हवं होतं तुम्हाला? तो निरोप सांगायला हवा होता का? आणि मी काय केलं? "रडू नगा म्हणतायत," असं म्हणाले. तेव्हासुद्धा! तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्या मिटलेल्या डोळ्यांची मला आजही भीती वाटते.

आता ह्यांना तेच वाक्य गाडीवर हवंय. गावोगावच्या माळावर ते लोकांना दाखवणार, माझ्या आयेचा शब्द आहे म्हणून. नाही, आत्याबाई. एवढं पाप मला झेपणार नाही.

उद्या पेंटरनं ब्रश बुडवायच्या आधी मी ह्यांना समोर बसवून सगळं सांगीन. सावलीचं, गुडघ्याचं, आमटीचं. आणि तुमचा निरोप तुमच्याच शब्दांत सांगीन, "मेलास तर"सकट, एक अक्षर गोड न करता. पुढं गाडीवर काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

ते रागावणार. तुमचाच मुलगा आहे, माझ्याशीही अबोला धरेल. धरू दे. तसं झालं तर मी कुणाकरवी निरोप धाडणार नाही, भिंतीशी बोलणार नाही. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहीन आणि ते मला शिव्या देईपर्यंत तिथनं हलणार नाही. हा शब्द माझा आहे आणि तुम्हाला दिलाय.

तुमची सून,
शालन