आलं आलं

मी, खाली सही करणार, पडदे आणि खोळी शिवून पोट भरलेली बाई, शुद्धीत आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, तर स्वतःच्या हट्टाने लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं पुढीलप्रमाणे व्हावं. वकीलसाहेबांनी मसुद्यात मला 'विधवा' असं लिहिलं होतं. तो शब्द मी खोडला आहे. नवरा कोपऱ्यावर आलं आणायला गेला आणि परतला नाही, एवढंच मला ठाऊक आहे. पोलिसांनी तळं, दवाखाने, सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही. मग मी विधवा कशी?

एक. राहतं घर, खालच्या गार खोलीसकट, भाचीला. ती नणंदेची मुलगी असली तरी स्वभावाने माझ्यावर गेली आहे. अट एकच: मागच्या दाराला आतून कडी घालायची नाही. ह्यांच्याकडे किल्ली नाही.

दोन. शिवणयंत्रही तिलाच. ते कुरकुर करतं, माझ्यासारखंच. लक्ष देऊ नये, तेल द्यावं.

तीन. नणंदेला दारामागची खुंटी. फक्त खुंटी. तिच्यावर ह्यांचा कोट होता, तो वर्षाच्या आत बाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकला. वर मलाच म्हणाल्या, "वहिनी, किती दिवस भिंतीशी बोलणार?" वन्सं, आता तुम्हीही बोलून बघा.

चार. आल्याची बिअर. खरी इस्टेट हीच; हिच्या फेसावरूनच गल्ली मला 'फेसवाली मामी' म्हणते. बाटल्या, बुचं, नरसाळं आणि विरजणाची बरणी भाचीला. बरणीत रोज चमचाभर किसलेलं आलं आणि चमचाभर साखर घालावी, म्हणजे बुडबुडे येतात. उपाशी ठेवली की मरते. भरलेल्या बाटल्यांची हवा अधूनमधून सोडावी, नाहीतर बुचं छताला लागतात. हे आलं घेऊन आले की दारातूनच ओरडायचे, "आलं आलं!" मी आतून विचारायची, "कोण आलं?" रोजचा तोच पांचट विनोद, आणि रोज आम्ही दोघं हसायचो. हे गेले तरी बरणी मी मरू दिली नाही. माणूस घरी आला तर ग्लासभर तरी त्याला मिळायला हवी.

इथवर सोमवारी लिहून झालं होतं. पुढचं आज लिहिते.

आलं मी सोलून, किसून घालते. हे सालीसकट जाडे काप घालायचे, त्यावरून आमची कैक भांडणं झाली. मंगळवारी सकाळी बरणी उघडली, तर वर सालीसकट जाडे काप तरंगत होते. भाचीला हाक मारली.

"मामी, शप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!" तिचा चेहराच उतरला.

तेवढ्यात खालच्या खोलीत एक बूच उडालं, आणि त्यामागोमाग अगदी स्पष्ट ऐकू आलं, "आलं आलं!" भाचीने माझा दंड घट्ट धरला. तिनेही ऐकलं होतं.

मी मागच्या दाराशी धावले. दार उघडंच होतं. बाहेर आदल्या दिवशीच्या पावसाचा चिखल, आणि आत फरशी लख्ख. बूट न पुसता घरात शिरणारा माणूस तो! जन्मभर मी त्याच्या मागे फडकं घेऊन फिरले. त्या स्वच्छ फरशीवर बसून मी ढसाढसा रडले.

पाच. सबब, खोडलेला शब्द परत घालावा. खाडाखोडीवर माझी सही आहे. कडीची अट रद्द. पोरी, खुशाल कडी घाल, त्यांना आता दार लागत नाही. माझ्यामागे खालून "आलं आलं" असं ऐकू आलं आणि कोणी उत्तर दिलं नाही, तर घाबरू नकोस, बरणीला खायला घालत राहा. मला यायला वेळ लागत असेल. पण ज्या दिवशी माझ्या आवाजात "कोण आलं?" असं ऐकू येईल, त्या दिवशी बरणी परसात ओतून दे.

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी (कमी ऐकू येतं, म्हणून स्वतः वाचून सही केली)
२. वकीलसाहेबांचे कारकून (ग्लास संपवून सही केली)

ठिकाण: स्वयंपाकघराचं टेबल
दिनांक: त्या मंगळवारनंतरचा शुक्रवार

सही: फेसवाली मामी, विधवा