जी साब

आबा, बँकॉकमध्ये एका म्हाताऱ्या शिपायासमोर मी तुम्हाला परस्पर बढती देऊन टाकली. त्यांनी विचारलं, तुझे वडील सैन्यात काय होते? माझ्या तोंडून निघून गेलं, सुभेदार. तुम्ही लांगरी होता. सतरा वर्षं जवानांसाठी डाळ-रोटी केलीत, आणि पेन्शनीत आल्यावर उचगावच्या फाट्याजवळ खानावळ काढलीत. माझं खोटं पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही. ते कसं उघडं पडलं ते तुम्हाला सांगायचंय, पण त्याआधी त्या निबंधाबद्दल बोलायला हवं. त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, आणि तुम्हाला जाऊन आता तेवीस वर्षं झाली.

मी अकरावीत आहे. दुपारचे तीन वाजून गेलेत, कारखान्यातल्या कामगारांची शेवटची पंगत उठलीय आणि तुम्ही संध्याकाळच्या आमटीसाठी कांदा परतताय. मी कॉलेजातून धावतच आलेय, कारण आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालंय. विषय होता ‘माझ्या स्वप्नातील भारत’. तुम्हाला वाटलं असेल, हे असलं हिच्या डोक्यात आलं कुठून. आपल्याच खानावळीतून आलं होतं, आबा. जेवायला बसलेली माणसं रोज पुढाऱ्यांना शिव्या घालायची आणि तुमच्याकडे बघून म्हणायची, “ह्यांच्यासारखी मिलिटरीची माणसं आणून बसवा की वर, चार दिवसांत सगळं सरळ हुतंय बघा.” तुम्ही भाकरी वाढून पुढे जायचात. मला वाटायचं तुम्ही लाजताय. म्हणून मी लिहिलं की दहा वर्षं देश लष्कराच्या हातात द्या, पुढारी घरी बसवा, शिस्त आपोआप येईल. शेवटी लिहिलं होतं, ‘माझे वडील सैनिक होते याचा मला अभिमान आहे.’ हे सगळं मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. मी मान वर करून बघितलं तर तुम्ही स्टो बंद केला होता.

“कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. माझं मी लिहिलंय.”

“आणि सरांनी बक्षीस दिलं ह्याला?”

“पहिलं.”

“मग सरांचं बी डोकं फिरलंय,” तुम्ही म्हणालात. मग उलथनं हातात तसंच ठेवून ती गोष्ट सांगितलीत. सीमेकडच्या कुठल्याशा गावात तुमची पलटण बंदोबस्ताला गेली होती. तुम्हाला भाजी आणायला बाजारात पाठवलं होतं. “मी वांगी बघत हुतो. म्हटलं, किडकी दिसत्यात गा. तर त्यो भाजीवाला म्हणतोय, जी साब. म्हटलं, न्हाय न्हाय, चांगली हायत की. तर म्हणतोय, जी साब. मागं बायाबापड्या उभ्या हुत्या, त्या सगळ्या बाजूला सरल्या. मी आचारी माणूस, पोरी. माझ्याकडं बंदूक न्हवती, पिशवी हुती. अंगावर नुसती वर्दी. तरी त्या बाजारात मला एक माणूस खरं बोलला न्हाय. त्या दिवशी मी वांगी न घेताच माघारी आलतो.” आणि मग म्हणालात, “वर्दीवाल्यांच्या हातात समदा देश द्यायचा म्हणतीस? हे घरात पुन्यांदा वाचायचं न्हाय.”

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. इतकंच कळलं की मी पहिली आले आणि तुम्ही हसला नाहीत. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत, तुमचा तो स्वभावच नव्हता. नवव्या दिवशी मी अभ्यास करत असताना तुम्ही एक डबा समोर ठेवलात आणि काही न बोलता निघून गेलात. आत ब्रेडचं पुडिंग होतं, साहेबांच्या मेसमध्ये शिकलेलं, वर जरा करपवलेली साखर. खानावळीत तुम्ही ते कधीच केलं नव्हतं. मी सगळं खाल्लं, पण डबा धुऊन तुमच्या मोरीत नेऊन ठेवला आणि चांगलं झालं होतं असं म्हटलं नाही. तुम्ही डब्याचं झाकण उघडून रिकामा आहे का ते बघितलंत, ते मी दाराआडून पाहिलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ह्यांना चांदीच्या दागिन्यांच्या कामासाठी बँकॉकला जावं लागलं, आणि तिथल्या एका शाळेत मी गणित शिकवायला लागले. शाळेच्या ग्रंथालयात एक बाई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. वयाने मोठ्या माणसाला तिकडे ‘पी’ म्हणतात, म्हणजे ताई नाहीतर दादा. मी तोंडाने पी म्हणायची आणि मनात आक्का. त्या मला ‘नोंग’ म्हणायच्या, धाकटी. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. तरी आईशीही कधी बोलले नसेन एवढं मी त्या बाईशी बोललेय.

२०२३ च्या मे महिन्यात तिथे निवडणूक झाली. आक्का मतदान केंद्र उघडायच्या आधीच रांगेत जाऊन उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा घेऊन. तिने मत दिलेला तरुणांचा पक्ष सगळ्यांत पुढे आला होता. मी म्हणाले, मग आता तुमचं सरकार! ती हसली, पण मनापासून नाही. पुस्तकांना लेबलं चिकटवता चिकटवता तिने मला समजावून सांगितलं. काही वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता घेतली आणि नवी राज्यघटना लिहून घेतली. लोकांनी निवडून दिलेले पाचशे, आणि त्याच लष्करी लोकांनी नेमलेले अडीचशे सिनेटर. पंतप्रधान निवडायला दोघांनी मिळून मत द्यायचं. मी म्हणाले, मग घटना बदला की. ती म्हणाली, “बदलायचं तरी त्या सिनेटमधल्या एक तृतीयांश लोकांनी हो म्हणायला हवं, नोंग.” मी विचारलं, असली घटना तुम्ही होऊच कशी दिलीत? तिने लेबल अंगठ्याने दाबून बसवलं. म्हणाली, “आमचं मत घेतलं होतं ना. विरोधात प्रचार करणाऱ्यांना पकडत होते. बाकीच्यांना विचारलं, हवी का? आम्ही म्हणालो, हवी.”

जुलैत पंतप्रधान निवडायला तिकडच्या संसदेत मतदान झालं, तेव्हा आमची शाळा चालू होती. आक्काने फोन पुस्तकांना टेकवून उभा केला होता आणि मी मोकळ्या तासाला तिच्याशेजारी बसले होते. एकेकाचं नाव पुकारत, तो उभा राहून आपलं मत मोठ्याने सांगे. ती कागदावर रेघा ओढत होती. लष्कराने नेमलेल्यांपैकी अगदी थोडे तिच्या पक्षाच्या उमेदवाराला हो म्हणाले. बऱ्याच जणांनी तर नाहीसुद्धा म्हटलं नाही. तटस्थ म्हणायचे आणि खाली बसायचे. काही त्या दिवशी आलेच नव्हते. कितीतरी नावं उरलेली असतानाच आक्काने पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “घरी गेल्यावर बाबा काय म्हणतील ते मला माहीत आहे. काहीच म्हणणार नाहीत.”

तेव्हा मला कळलं की तिचे वडील निवडणुकीच्या दिवसापासून तिच्याशी बोलत नव्हते. तेही सैन्यातून निवृत्त झालेले. लष्कर होतं म्हणून देश वाचला असं मानणारे. एकाच घरात ती भात वाढायची, ते जेवायचे, ताट उचलायचे, आणि एक शब्द नाही. त्यांचं हृदय अधू झालं होतं, आणि हे असंच अबोल्यात संपायचं याची तिला भीती वाटत होती. “तुझे वडील सैन्यात होते ना,” ती म्हणाली, “तू ये. तुझ्याशी बोलतील.”

मी एका रविवारी दुपारी गेले. म्हातारे खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा गंजीफ्रॉक, केस बारीक कापलेले, अगदी तुमच्यासारखे. ते थाईत बोलत, आक्का इंग्रजीत सांगे, मग माझं त्यांना थाईत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तुमच्या हुद्द्याचा, आणि मी सुभेदार म्हणाले. का म्हणाले, आबा? कॉलेजात मी ‘वडील आर्मीत होते’ एवढंच सांगायची, स्वयंपाकाचं सांगायची नाही, तीच सवय. म्हातारे खुश झाले. मग मी तुमची बाजारातली गोष्ट सांगायला घेतली. वांगी, जी साब, बाजूला सरलेल्या बायका. ऐकता ऐकता त्यांनी हात वर केला आणि काहीतरी विचारलं. आक्का गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, “ते विचारतात, सुभेदार कशाला जाईल वांगी आणायला?”

मी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, “नाही. ते आचारी होते. मी खोटं बोलले.”

आक्काने ते सांगितल्यावर म्हातारे खोखो हसले, खोकला येईपर्यंत. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी ड्रायव्हर.” आणि मला हाताने खूण केली, सांग पुढे.

मी पुढचं सांगितलं. तुम्ही वांगी न घेता परत आलात ते सांगितलं.  मग ते सावकाश बोलायला लागले, आणि आक्काला ते जसंच्या तसं आपल्या तोंडाने बोलावं लागत होतं. एकदा सैन्य राजधानीत उतरलं तेव्हा त्यांचा ट्रक त्यात होता. लोक फूटपाथवर उभे राहून हसत होते. एका बाईने पुढे येऊन त्यांना पाण्याची बाटली दिली. “इतकी वर्षं मी तिचं हसणं आठवतोय,” ते म्हणाले. “ती मनापासून हसत होती का, ते मला माहीत नाही. मी ट्रकात होतो. मला खरं कोण सांगणार?” पण लगेच मान हलवून त्यांनी हेही बजावलं की सगळे घाबरलेले नव्हते, आधी शहरात मारामाऱ्या चालल्या होत्या आणि काहींना खरोखर हायसं वाटलं होतं. “हेही तिला सांग,” असं ते आक्काला म्हणाले. तिने सांगितलं. 

मग तिने त्यांना काहीतरी विचारलं. ते तिने मला इंग्रजीत सांगितलं नाही. ते उत्तर देत राहिले, ती ऐकत राहिली. मी कप उचलून आत नेले आणि उगाच दोनदा धुतले. निघताना दाराशी मी विचारलं, काय म्हणाले गं? आक्का म्हणाली, “त्यांनी विचारलं, त्या दिवशी किती वेळ उभी होतीस रांगेत. उन्हात का सावलीत.”

पुढच्या वर्षी तो पक्ष न्यायालयाने बरखास्तच केला. राजघराण्याविषयीच्या कायद्यात बदल करू असं त्यांनी प्रचारात म्हटलं होतं, त्यावर बोट ठेवून. पुढाऱ्यांना दहा वर्षं राजकारणाची बंदी. बाकीच्यांनी लगेच दुसऱ्या नावाने पक्ष उभा केला. निकालाच्या दिवशी आक्का घरी गेली तर तिचे वडील टीव्ही बंद करून बसले होते. “माझ्या आठवणीत त्यांनी बातम्या कधी बंद केल्या नाहीत,” ती म्हणाली. ते तिच्या बाजूचे झाले असं तिला वाटलं नाही, मलाही नाही. त्यांनी तिला बस म्हटलं आणि दोघं एकत्र जेवली. सहा महिन्यांनी ते गेले. मी अंत्यविधीला गेले होते. आक्काने माझी ओळख करून दिली ती आचाऱ्याची मुलगी म्हणूनच, आणि मला त्याचं बरं वाटलं.

आता मी कायमची परत आलेय. कळंब्याला घर घेतलंय, तलावाकडच्या बाजूला. आपल्या खानावळीच्या जागी टायरचं दुकान झालंय. काल शेजारच्या एका गृहस्थांनी चहा पिताना तेच म्हटलं, मिलिटरी आणायला पाहिजे. मी त्यांना वांग्यांची गोष्ट सांगितली. त्यांना फारशी पटली नाही. म्हणाले, तिकडचं वेगळं, आपलं वेगळं. मी वाद घातला नाही, पण गोष्ट सांगितली, आणि ती कुणाची आहे तेही सांगितलं, हुद्द्यासकट. तुमचं बरोबर होतं, आबा, हे सांगायला मला परमुलुखात जाऊन दुसऱ्याच्या वडिलांसमोर बसावं लागलं.

हे मी वहीत लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि मोठ्याने वाचायचंही मला जमणार नाही. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही. त्या निबंधानंतर वर्षभराने तुम्ही एकदा भाकऱ्या थापताना विचारलं होतंत, “आता लिहीत न्हाईस व्हय गं?” मी म्हणाले, बारावीला निबंध स्पर्धा नसतात. तुम्ही बरं म्हणालात आणि पुढची भाकरी तव्यावर टाकलीत. स्पर्धा असायच्या, आबा. त्या वर्षी मी तीन निबंध लिहिले होते, तुम्हाला एकही वाचून दाखवला नाही, आणि तिन्ही तुम्हाला आवडले असते.