कुंपणाखालचं लोखंड

नॉरफोक, १४ मार्च २०१९

लाडक्या एलायजा,

आजीचा आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, तुझ्या आईचा स्वयंपाकही आहे तसाच आहे. हे पत्र मी तिच्याकडून लिहून घेत नाही. पायाची पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाई लिहितायत. अक्षर सुंदर आहे म्हणे. मला काय, मुंग्याच दिसतात.

रविवारी तू फोनवर फोटो दाखवलास. आपल्या जुन्या मुक्कामाच्या जागी, कुंपणाखाली, तुझ्या त्या पिंपिं करणाऱ्या यंत्राला सापडलेलं लोखंड. दोन पट्ट्या, एक कडी, घोड्याच्या साजाचं पितळी बक्कल, सगळं ठोकून सपाट केलेलं. तो तू इंटरनेटवर टाकलास, त्याखाली लोकांनी काय काय ओळखलंय तेही वाचून दाखवलंस. कोणी म्हणे रोमन शिपायाचं, कोणी म्हणे कोल्ह्याचा सापळा.

"आजी, तू राहिलीस ना तिथे? काय असेल गं?"

"मला काय ठाऊक? रोमन दिसते का मी तुला?"

तू हसलास, विषय संपला.

ते तुझ्या आजोबांनी केलंय, बादलीची कडी तापवून. आमच्या थोरलीसाठी, पायाला आधार म्हणून बांधायला. तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता.

थोरली होती हेच तुला ठाऊक नाही. कसं असणार? आपल्या जिप्सी लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याच्या आवडीचं खात नाहीत. तिचे कपडे जाळले, कप फोडला. लोखंड जळत नाही, म्हणून आजोबांनी ते ठोकून पुरलं. तिला मनुकांचा केक आवडायचा. त्यांनी मरेपर्यंत तो तोंडात घातला नाही, आणि तू त्यांना चिडवायचास.

एलायजा, ती गेली नव्हती. (बाई, थांबू नका, लिहा.)

छप्पनचा हिवाळा. तिची छाती भरली, इस्पितळात ठेवली. पायातलं लोखंड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, तीन आठवड्यांनी न्यायला या म्हणाले. इकडे पोलीस रोज आमची राहती घोडागाडी हलवा म्हणत होते, तीन धाकटी ओल्या अंथरुणात खोकत होती. न्यायला मी एकटीच गेले. दारातून पाहिलं. गाल भरले होते, उबेत झोपली होती.

तशीच मागे फिरले. आजोबांना सांगितलं, गेली, इस्पितळवाल्यांनीच पुरली. त्यांनी हातोडा घेतला. मी बाजूला उभी होते. पुढे कोणी काही विचारलंच नाही. विचारायला नाव घ्यावं लागतं.

त्या फोटोखाली एका बाईने लिहिलंय, हे लहान मुलाच्या पायाला बांधायचं आहे, माझ्या बाबांनी बादलीच्या कडीचं असंच केलं होतं. "खुळी म्हातारी," म्हणालास तू. तेव्हा माझा चहा सांडला, तो म्हातारपणामुळे नाही.

तिला लिही. माझ्यासाठी काही मागू नकोस. बापाने तिला टाकलं नव्हतं, तो तिच्यासाठी रडत राहिला, एवढं सांग. दुसरीच कोणी निघाली, तर ते लोखंड होतं तिथे पुर.

आणि तिला आधी नाव विचार. बाई, नीट लिहा, त्रेसष्ट वर्षांनी तोंडातून काढतेय. सिनामेंटा.

सहीची फुली मी स्वतः केली आहे. वाकडी आहे, पण माझीच आहे.

तुझी आजी,
सिनामेंटाची आई
×