कोऱ्या पेनाच्या पोटात शाई

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता लिहितो, या वेळी खरोखरच जमिनीवर पालथा पडलो आहे असं समज.) इकडे आम्ही दोघंही ठीक. तुझी तब्येत कशी आहे? जहाजाच्या त्या इंजिनखोलीतल्या उकाड्याने रक्तदाब वाढतो का? वाढत असेल तर आधी गोळी घे आणि मगच पुढे वाच.

पत्र पेनाबद्दल आहे. कुठल्या, ते तू ओळखलंच असशील. तुझ्या कपाटातल्या बाकीच्या फ्रेंच पेनांसाठी मी जमिनीवर पालथा पडलो नसतो. तेच ते काळं, सोनेरी पट्ट्यांचं, आजोबांच्याही आधी जन्मलेलं आणि आजवर शाईचा थेंबही न चाखलेलं. दुकानदाराने तेव्हा चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा अजून त्याच्या अंगावर आहे. (चिठ्ठी शाबूत आहे. चांगली बातमी आधी सांगावी म्हणतात.) जाताना तू मला हातमोजे घालायला लावून ते दाखवलं होतंस. शेपटी फिरवली की गोगलगायीसारखं निब आतून हळूच डोकं वर काढतं, आणि ते पाहून तू असा हसला होतास, जसा स्वतःच्या लग्नातही हसला नव्हतास. परत आल्यावर संग्राहकांच्या मेळाव्यात हे कोरं पेन मांडणार, असं तू गावभर सांगूनही ठेवलं आहेस.

घडलं ते असं. कपाटाला वाळवी तर लागली नाही ना, हे बघायला मी ते उघडलं. डबी आपणहून हातात आली. नेमका तेव्हाच माझ्या खिशात डोळ्यांच्या औषधाचा रिकामा ड्रॉपर होता. तो धुतलेला का होता, ते विचारू नकोस. टेबलावर शाईची बाटली होती. ती मी त्याच सकाळी आणली होती, पण अगदी वेगळ्या कामासाठी. (ते काम नंतर रद्द झालं.) मग कुणाचा तरी धक्का लागला. घरात मी आणि आई, त्यात आई खुर्चीत बसलेली, त्यामुळे धक्का कुणाचा याचा तपास अजून चालू आहे. एवढं मात्र खरं की शाई पेनात गेली आणि बाहेर एक थेंबही सांडला नाही. इतका नीटनेटका अपघात मी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यानंतर मी हात धुवायला आत गेलो, आणि माझ्या नकळत आईने ते पेन उचललं. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात अधू झाल्यापासून तिचं लिहिणं सुटलं, हे ती तुला सांगत नाही. बॉलपेन दाबायला बोटांत जोर नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जाड पेन्सिल दिली, ती आईने खिडकीबाहेर फेकली. तुला दर आठवड्याला जायचं ते पत्र थांबलं, आणि तू फोनवर विचारलंस की ती चष्मा सापडत नाही म्हणून सांगते. चष्मा तिच्या नाकावर असतो, दादा. तर मी बाहेर येऊन पाहतो तो वर्तमानपत्राच्या कडेला चार वेड्यावाकड्या रेघा, आणि त्यांच्याखाली तुझं नाव.

"दाबावंच लागत नाही रे," ती म्हणाली, "आपलं आपण चालतं."

मला रडू आलं. ते पुसतो न पुसतो तोच तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग तुझ्या त्या पेनदुरुस्तीवाल्या मित्राला फोन करून, एका ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारलं की असं पेन धुऊन पुन्हा कोरं होतं का. तापवलेलं दूध पुन्हा कच्चं होतं का, असं त्याने मलाच विचारलं, आणि त्या ओळखीच्या माणसाला ऐकवण्यासाठी काही शब्द सांगितले. ते मी ऐकले आहेत, तेव्हा तू पुन्हा तेच उच्चारायची तसदी घेऊ नकोस.

तुझा (निदान हे पत्र पोचेपर्यंत तरी)
धाकटा भाऊ

ता. क. लगेच फोन करू नकोस. माझा फोन बिघडला आहे, किंवा बिघडेल.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसलो. मेळाव्यात दुसरं कुठलं तरी पेन मांड. हे तिच्याकडेच राहू दे. बदल्यात आजोबांचं घड्याळ घे, ते माझ्या वाटणीला आलं असलं तरी. पाकीट आईकडे चिकटवायला देतो आहे, तेवढाच बोटांना व्यायाम.

ता. क. मी आई. पाकीट माझ्याकडे आलं म्हणून वाचून काढलं. अपघाताचं सगळं खोटं आहे. शाई यानेच भरली आणि पेन यानेच माझ्या बोटांत धरवलं. माझ्यापेक्षा याचाच हात जास्त कापत होता. याला बोलू नकोस. पेन मी देणार नाही. एवढं लिहायला सकाळ गेली, अक्षर समजून घे. पुढच्या आठवड्यापासून तुझं पत्र सुरू. उत्तर मात्र हाताने लिहायचं. पेनं काय कमी आहेत तुझ्याकडे?